पायऱ्या, झाडे आणि मैदान : काळा घोडा महोत्सवातील विनामूल्य मैफली

मुंबईत तिकीट न काढता, उघड्या आकाशाखाली बसून, नीट लावलेल्या ध्वनिव्यवस्थेवर चांगले गाणे ऐकायचे असेल तर वर्षातील नऊ दिवस त्यासाठी सर्वांत भरवशाचे आहेत, आणि ते काळा घोडा कला महोत्सवाचे आहेत. मी डोंबिवलीत राहतो, नोकरी फोर्टात करतो, आणि गेली बारा-तेरा वर्षे त्या दिवसांत कार्यालय सुटल्यावर घरची गाडी न पकडता उलट दिशेला चालू लागतो. महोत्सवातील मांडणशिल्पे, पुस्तकचर्चा, नाटके आणि हस्तकलेची दुकाने यांच्याविषयी पुष्कळ लिहिले जाते, त्यामुळे त्यांचा विचार येथे केलेला नाही. हे परीक्षण केवळ संध्याकाळी उघड्यावर होणाऱ्या संगीताच्या कार्यक्रमांचे आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. स्वरांच्या बारकाव्यासाठी या मैफली बंद सभागृहातील मैफलीची बरोबरी करू शकत नाहीत, आणि त्यांच्याकडून ती अपेक्षा धरणाऱ्याने घरीच राहावे. मात्र ज्या संगीतासाठी आपण खिशातून शंभर रुपयेही कधी काढले नसते, ते संगीत तासभर उभे राहून ऐकायला लावण्याचे सामर्थ्य त्यांच्यात आहे, आणि ते मला मुंबईतील दुसऱ्या कोणत्याही रंगमंचाच्या ठायी आढळलेले नाही. तिकीट काढलेला श्रोता पैसे वसूल करण्यासाठी बसून राहतो. येथे बसून राहणारा माणूस केवळ ऐकावेसे वाटते म्हणून बसलेला असतो, आणि हे कलाकारालाही समजत असते.

काळा घोडा असोसिएशनची स्थापना १९९८ मध्ये झाली आणि पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, पहिला महोत्सव भरला. २०२१ आणि २०२२ ही साथीची दोन वर्षे वगळता तो सातत्याने भरत आला असून २०२५ मध्ये त्याची पंचविसावी आवृत्ती झाली. कार्यक्रमांना प्रवेशशुल्क नसते. खर्च प्रायोजकांकडून भागतो आणि या परिसरातील जुन्या वास्तूंच्या जतनासाठी निधी उभा करणे हा संस्थेच्या मूळ उद्देशांपैकी एक आहे. ज्या पुतळ्यावरून हे नाव पडले तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्येच येथून हलवला गेला आणि आता तो भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात आहे. नाव मात्र लोकांनी सोडले नाही, आणि २०१७ मध्ये त्या जागी स्वाराशिवायचा नवा घोडा उभा राहिला. घोडा परत आला, राजा आला नाही, आणि ते योग्यच झाले.

महोत्सव अनेक वर्षे फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात होत असे. अलीकडे तो जानेवारीच्या अखेरीस सरकला आहे. थंड देशांतील शहरांत असे उत्सव उन्हाळ्यात होतात, कारण तेथे उघड्यावर बसण्याजोगा तोच ऋतू असतो. आपल्याकडे मे महिन्यात रात्रीही पारा सत्तावीस अंशांच्या खाली क्वचित उतरतो, हवा चिकट असते आणि ११ जूनच्या आसपास पाऊस दाराशी येतो. तरीही उन्हाळी सुटीच्या निमित्ताने असे कार्यक्रम ठेवणारे उत्साही लोक मुंबईत आहेत. काही वर्षांपूर्वी उपनगरातील एका उद्यानात मे महिन्यात झालेल्या अशाच एका विनामूल्य कार्यक्रमाला मी गेलो होतो; आयोजकांचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. पहिल्या चार रांगा पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या होत्या व त्या शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या, सत्कार आणि भाषणे यांत पाऊण तास गेला, आणि दमट हवेने तबल्याची पुडी, म्हणजे वरचे कातडे, इतकी सैल पडली होती की तबलजी दर दहा मिनिटांनी हातोडी घेऊन गट्टे ठोकत होता आणि गायिका बिचारी पदराने घाम टिपत थांबत होती. उद्यानातून बाहेर पडताना मला काळा घोडा महोत्सवाच्या तारखांमागचे शहाणपण पहिल्यांदा पूर्णपणे कळले. फेब्रुवारीत या शहराची रात्र अठरा-वीस अंशांवर येते. सूर लागतात आणि लागल्यावर टिकतात.

संगीताची स्थळे दर वर्षी थोडीफार बदलतात, त्यामुळे निघण्यापूर्वी त्या वर्षीची कार्यक्रमपत्रिका पाहणे आवश्यक आहे. इतक्या वर्षांत ज्या चार ठिकाणी मी ऐकले, त्यांत माझ्या दृष्टीने पहिला क्रमांक निर्विवादपणे एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांचा लागतो. टाऊन हॉलची ही इमारत १८३३ मध्ये पूर्ण झाली. रस्त्यापासून दारापर्यंत तीस पायऱ्या आहेत आणि त्यांच्या माथ्यावर डोरिक, म्हणजे जुन्या ग्रीक देवळांच्या, धाटणीचे भव्य स्तंभ उभे आहेत. कार्यक्रम असतो तेव्हा कलाकार पायऱ्यांच्या बाजूला आणि श्रोते खाली रस्त्यावर, अशी व्यवस्था असते. नाट्यगृहात रंगमंच बांधावा लागतो. येथे तो एकोणिसाव्या शतकापासून बांधून तयार आहे. कलाकार उंचावर असल्यामुळे शेवटच्या रांगेतील बुटक्या माणसालाही सतार धरलेला हात दिसतो, आणि मागे दगडी भिंत असल्यामुळे आवाज पाठीमागे वाया न जाता पुढे येतो. उघड्यावरच्या मैफलीला मिळू शकणारी ही सर्वांत मोठी देणगी आहे. दोन वर्षांपूर्वी तेथे एका तरुण सरोदवादकाने पूरिया धनाश्री हा राग वाजवला. आलापाच्या पहिल्या दहा मिनिटांत लोक येतच होते, खुर्च्या सरकत होत्या, कोणी कोणाला ‘इकडे, इकडे’ म्हणून हाका मारत होते. आणि मग मंद्रातील, म्हणजे खालच्या सप्तकातील, एक लांब मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणारा सूर) आली आणि रस्ता शांत झाला. डोक्यावर एक घार उशिरा घरी परतत होती. एवढ्या मोठ्या जमावाने कोणीही न सांगता गप्प व्हावे हे मुंबईत मी फार वेळा पाहिलेले नाही.

समोरच्या हॉर्निमन सर्कलच्या बागेची गोष्ट वेगळी आहे. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बी. जी. हॉर्निमन यांचे नाव धारण करणारी ही गोल बाग मोठ्या झाडांनी भरलेली आहे आणि तिच्याभोवती एकसारख्या कमानींच्या इमारतींचे कडे आहे. जागा आटोपशीर असल्यामुळे येथे दोन-तीनशे माणसांची बैठक घरगुती वाटते. झाडांची पाने आवाजाची धार थोडी बोथट करतात, पण गायनाला ते मानवते. ठुमरी, गझल, भावगीत यांच्यासाठी ही जागा मला सर्वांत योग्य वाटते. कावळ्यांचा मात्र काही इलाज नाही. सहा ते पावणेसात या वेळेत त्यांची सभा भरते आणि ते कोणत्याही घराण्याला दाद देत नाहीत.

क्रॉस मैदान हे मोठ्या गर्दीचे ठिकाण. फोर्टाची तटबंदी होती त्या काळात तिच्यापुढची जमीन तोफांच्या माऱ्यासाठी मोकळी ठेवलेली होती; १८६० च्या दशकात तट पाडले गेले आणि त्या मोकळ्या जमिनीचे उरलेले तुकडे आज ओव्हल, क्रॉस, आझाद आणि कूपरेज या नावांनी ओळखले जातात. गिटार, ड्रम, पितळी वाद्ये, चित्रपटगीते, लोकसंगीताचे मोठे ताफे यांना ही जागा शोभते. येथे मी बिहूच्या चमूबरोबर आलेला पेपा, म्हणजे म्हशीच्या शिंगाचे वाद्य, प्रथमच प्रत्यक्ष ऐकला. त्या दिवशी मी खरे तर दुसरीकडे गझल ऐकायला निघालो होतो आणि मैदानाच्या कडेने केवळ वाट कापत होतो. तो कर्कश, हट्टी, आनंदी आवाज कानावर पडला आणि गझल राहून गेली. आसामी लोकवाद्यांच्या कार्यक्रमाचे तिकीट मी कधी विकत घेतले असते असे मला प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही.

उरला के. दुभाष मार्ग, म्हणजे जुना रॅम्पार्ट रो. महोत्सवाच्या काळात तो वाहनांना बंद असतो आणि शनिवार-रविवारी तेथे अक्षरशः पाऊल ठेवायला जागा नसते. तेथील संगीत चालता चालता ऐकण्याचे आहे. बसून ऐकण्याचा आग्रह धरू नये.

उघड्यावरचा आवाज कसा वागतो हे थोडे समजून घेतले तर बसण्याची जागा निवडणे सोपे जाते. सभागृहात भिंती आणि छत आवाज परत पाठवतात. मैदानात त्याला परत पाठवणारे कोणी नसते, आणि एका ठिकाणाहून निघालेला आवाज अंतर दुप्पट झाले की सुमारे सहा डेसिबलने उतरतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे मंचापासून पन्नास मीटरवर बसलेल्याला तबल्याची थाप सेकंदाच्या सातव्या भागाइतकी उशिरा पोहोचते. मागच्या रांगांतील टाळ्या ठेक्याशी जुळत नाहीत त्याचे एक कारण हे आहे. दुसरे कारण सर्वांना ठाऊक आहे. यावर माझा उपाय असा की ध्वनिनियंत्रकाचे टेबल शोधावे आणि त्याच्या थोडे पुढे बसावे. तो स्वतःच्या कानाला बरे वाटेल असा आवाज लावत असतो, आणि त्याच्या कानाजवळ आपला कान असणे हिताचे असते. पहिल्या रांगेत, ध्वनिक्षेपकाच्या थेट तोंडाशी, बसणाऱ्यांची मला नेहमी कीव येते.

वेळेचाही फरक पडतो. दुपारी जमीन तापलेली असते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गरम असते आणि त्यामुळे आवाज वर वळून निघून जातो. सूर्यास्तानंतर जमीन निवू लागली की हाच प्रकार उलटा होतो आणि आवाज खाली वळून दूरवर पोहोचतो. साडेपाचला पातळ वाटलेली ध्वनिव्यवस्था साडेसातला भरदार वाटते याचे सर्व श्रेय यंत्रे लावणाऱ्याला देऊ नये. वाद्यांचीही जात असते. सनई-चौघडा, संबळ, हलगी, ढोल यांचा जन्मच देवळाच्या आवारात आणि रस्त्यावर झालेला आहे, त्यामुळे मैदानात ती घरी आल्यासारखी वाजतात. सारंगी आणि तानपुरा दिवाणखान्यातून आलेले आहेत. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांतून उमटणारा गुंजारव, ही उघड्यावर सर्वांत आधी हरवणारी गोष्ट आहे. ध्वनिक्षेपकातून षड्ज येतो, पण त्याभोवतीचे तेजोवलय येत नाही. म्हणून ज्या रसिकाला विलंबित ख्यालातील प्रत्येक श्रुती तोलून घ्यायची आहे त्याने सभागृहाचे तिकीटच काढावे.

आणखी एक मर्यादा आहे आणि ती कायद्याने घातलेली आहे. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकारला वर्षातील मोजक्या दिवसांसाठी ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवता येते, एवढाच अपवाद आहे. नियम आवश्यक आहे, त्याविषयी तक्रार नाही. परंतु आपल्या रागांच्या वेळा ठरलेल्या असतात, आणि या नियमाचा त्या संगीतावर झालेला परिणाम कोणी फारसा बोलून दाखवत नाही. उघड्यावरची मैफल सहाला सुरू होऊन दहाला संपते, आणि त्यामुळे मारवा, पूरिया, यमन, फार तर बागेश्री एवढ्याच प्रहरांत आपले ऐकणे अडकून पडले आहे. दरबारी आणि मालकंस हे खऱ्या अर्थाने रात्रीचे राग. ते त्यांच्या वेळी, उघड्या आभाळाखाली ऐकलेला माझ्या वयाचा मुंबईकर मला तरी भेटलेला नाही.

माझ्या आत्याने मात्र ते ऐकलेले आहेत. ती गिरगावात वाढली, आणि त्या काळच्या गणेशोत्सवांत रस्त्यावर सतरंज्या अंथरून पहाटेपर्यंत चालणाऱ्या मैफलींची वर्णने मी लहानपणापासून तिच्याकडून ऐकत आलो आहे. मोठमोठे गवई चाळींच्या मधोमध घातलेल्या मांडवात बसून गात, आणि ज्यांना मांडवात जागा मिळत नसे ते गॅलऱ्यांत, जिन्यांवर, बंद दुकानांच्या फळ्यांवर बसून ऐकत. तिच्या दृष्टीने विनामूल्य गाणे ही महोत्सवाने आणलेली नवलाई नाही, तर मध्यंतरी बंद पडलेली एक जुनी सोय आहे. तीन वर्षांपूर्वी मी तिला पहिल्यांदा एशियाटिकच्या पायऱ्यांपुढे घेऊन गेलो तेव्हा तिने आजूबाजूला नीट पाहून घेतले आणि म्हणाली, “अरे, सगळे छान आहे, पण यांना घरी जायची एवढी घाई का?” मी तिला दहाचा नियम समजावून सांगितला. तिने ऐकून घेतले. “मग लवकर सुरू करायचे,” ती म्हणाली, आणि विषय तिच्यापुरता संपला.

श्रोत्यांविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण विनामूल्य मैफलीचा अर्धा गुण श्रोत्यांवर ठरतो. ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणून येणारे असतातच. ते वीस मिनिटांत उठून जातात, आणि मला त्यांचा राग येत नाही, कारण त्यांच्या जागी जे बसतात ते बहुधा अधिक आतुर असतात. गणवेशातली मुले, पोर्ट ट्रस्टच्या बाजूने पायी आलेले कामगार, हातात गजरा घेऊन उभे राहिलेले जोडपे, नातवंडांसह आलेली दादरची आजी, आणि कुठला तरी पंधरा मात्रांचा ताल बोटांवर मोजणारा एकटाच विद्यार्थी, हे सगळे एकाच रांगेत मी पाहिले आहेत. तिकिटाच्या मैफलीत अशी रांग जमत नाही. खटकते ते एकच: हात उंच करून संपूर्ण बंदिश मोबाइलमध्ये भरून घेणारे. त्यांच्या मागे बसणाऱ्याला मैफल पाच इंचांच्या काचेतून पाहावी लागते. मी आता कडेच्या खुर्चीवर बसतो. कोन थोडा तिरका होतो, पण दृष्टी मोकळी राहते.

ज्यांना पहिल्यांदा जायचे आहे त्यांनी सोमवार ते गुरुवार यांपैकी एक दिवस निवडावा. बसण्यासाठी क्रमांक नसतात, जो आधी येतो त्याला जागा मिळते, त्यामुळे पाऊण तास आधी पोहोचलेले बरे. क्रॉस मैदानासाठी चर्चगेट जवळ आहे. एशियाटिक आणि हॉर्निमन सर्कलसाठी मध्य रेल्वेने येणाऱ्यांनी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरून चालत यावे. आता भुयारी मेट्रोचे हुतात्मा चौक स्थानकही झाले असल्यामुळे अंधेरी-मरोळकडच्या मंडळींना दोन गाड्या बदलण्याचा त्रास उरलेला नाही. गाडी घेऊन येण्याचा विचार मनातही आणू नये. खाणे आधी उरकून घ्यावे, कारण मैफल रंगात आली की उठवत नाही आणि उठलात तर जागा जाते. चर्चगेटच्या बाजूच्या खाऊगल्लीत पोटभर आणि माफक दरात मिळते. पाण्याची बाटली जवळ असावी. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी स्वच्छतागृह कोठे आहे हे बसण्यापूर्वीच पाहून ठेवावे; मध्येच शोधत फिरण्याइतका अंधार आणि गर्दी दोन्ही असतात.

वर्षातील उरलेल्या दिवसांसाठी एक नोंद करून ठेवतो. नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स (एनसीपीए) या संस्थेचे ‘एनसीपीए ॲट द पार्क’ या नावाने शहरातील उद्यानांत विनामूल्य कार्यक्रम होऊ लागले आहेत आणि ज्यांना काळा घोड्याची गर्दी सोसत नाही त्यांनी त्यांच्या तारखांवर लक्ष ठेवावे. तेथे एखाद्या झाडाखाली चटई टाकून ऐकता येते.

गेल्या खेपेला आम्ही शेवटच्या दिवशी गेलो होतो. पावणेदहाला गायिकेने मनगटावरचे घड्याळ पाहिले, साथीदारांकडे पाहून मान हलवली आणि भैरवीचा षड्ज लावला. भैरवी खरी सकाळची, पण मैफल तिच्यावर संपवायची हा रिवाज घड्याळापेक्षा जुना आहे. नऊ वाजून सत्तावन्न मिनिटांनी ती समेवर आली. टाळ्या संपायच्या आत दिवे लागले, खुर्च्या एकमेकींत घालणारी मुले कामाला लागली, आणि गर्दी बाझारगेट स्ट्रीटच्या अंगाने स्थानकाकडे चालू लागली. समुद्रावरून नव्हे, उलट जमिनीकडून गार वारा सुटला होता. आत्याने पिशवीतून शाल काढून खांद्यावर घेतली. मी आणली नव्हती. तिने माझ्याकडे एकदा पाहिले, शालीचे दुसरे टोक पुढे केले, आणि नुकतीच ऐकलेली भैरवी अर्ध्या आवाजात गुणगुणत, आपल्या गिरगावच्या गवयांपेक्षा ती किती द्रुत गायली गेली हे मला समजावून सांगू लागली.